जिजाबाईचं मत

"बाई, नाव सांगा. मागं अजून लोक उभे आहेत," टेबलामागचे साहेब तिसऱ्यांदा म्हणाले.

जिजाबाईनं पदर पुढं ओढला आणि टेबलावरच्या दौतीकडं पाहत राहिली. कारंज्याच्या शाळेतला तो वर्ग, एकोणीसशे चौतीस सालातला कार्तिक महिना, आणि दिल्लीच्या असेंब्लीची निवडणूक. उमेदवार दोनच. एक जिनिंगवाले हिरालालसेठ आणि दुसरे जानराव गाभणे वकील, म्हणजे जिजाबाईचे मालक. ज्याला लिहितावाचता येतं त्यानं स्वतः फुली मारायची. ज्याला येत नाही त्यानं साहेबांना नाव सांगायचं आणि साहेबांनी त्याच्यादेखत फुली मारायची, असा कायदा होता. गोष्ट एवढीशी. पण बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं, हे कायदा करणाऱ्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. आपण गोष्ट सांगणारे, आपलं काय जातं? आपण खुशाल जानराव, जानराव म्हणू. जिजाबाईला ते जमत नव्हतं.

"आमच्या घरच्याहीले," ती हळूच म्हणाली.

"घरचे म्हणजे कोण? नाव पाहिजे."

"तुमाले मालूम हाये ना साहेब. अंजनाचे बाबा. वकील."

साहेब तरुण होते, नागपूरकडचे. त्यांना हसू आलं आणि कीवही आली. ते काही सुचवणार, तेवढ्यात कोपऱ्यात बसलेला हिरालालसेठचा माणूस उठला.

"साहेब, तुमी नाव सुचवाचं नाई. बाईनं आपल्या तोंडानं सांगतलं पाह्यजे. वकील तं कारंज्यात गल्लोगल्ली हायेत."

कायद्यानं त्याचं बरोबर होतं. साहेबांनी हातातला टाक खाली ठेवला. जिजाबाईच्या मागं बायांची रांग होती. कोणी देशमुखाची विधवा, कोणी पाटलाची. ज्यांच्या नावावर जमीन होती त्या. एवढ्या पुरुषांपुढं येऊन उभ्या राहण्याची त्यांची पहिलीच वेळ. दाराशी रामीबाई थांबली होती. ती तांड्यावरची, जिजाबाईच्या मळ्यात निंदणखुरपण करणारी, मत नसलेली. नुसती सोबतीला आली होती.

"उखान्यात घे ना वं," रामीबाई तिथूनच कुजबुजली. "उखान्यात घेतलं तं चालते."

जिजाबाईनं मान हलवली. उखाण्यात चालतं की नाही, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं.

नऊ वर्षांची असताना धनजहून ती या घरात सून म्हणून आली. माप ओलांडून आत आल्यावर बायांनी अडवलं, शिकवलेला उखाणा तिनं घडाघडा म्हटला आणि शेवटी जानरावांचं नाव घेतलं. सगळ्या हसल्या. आठ दिवस झाले नाहीत तो जानरावांना देवी आल्या. तेरा वर्षांचं ते पोर केळीच्या पानावर निजवलं होतं, आणि डोळे जातात की जीव जातो एवढाच प्रश्न उरला होता. सासू तिच्यावर ओरडली नाही. तिला जवळ घेऊन एवढंच म्हणाली, "माय, आता पुन्यांदा घेऊ नको त्याचं नाव. सोसत नाई त्याले." जानराव वाचले, तोंडभर वण घेऊन. त्या दिवसानंतर जिजाबाईच्या जिभेवर ते नाव कधी आलं नाही. संक्रांतीला बाया आग्रह करायच्या, तेव्हा ती चुलीचं निमित्त करून आत निघून जायची.

जानराव मोठे होत गेले. माळ्याचा मुलगा अमरावतीला शिकला, नागपुरात वकील झाला, मूर्तिजापूरच्या कोर्टात उभा राहू लागला. मग अकोल्याचं बोर्ड, मग नागपूरचं कौन्सिल. तिथं त्यांनी भाषण केलं, की वाफ्यात पाणी धरणारी बाई सरकारला सारा भरते ते चालतं, तर तिनं मत दिलेलं का चालू नये? त्यावर पुष्कळ टवाळी झाली. तीस साली सत्याग्रहात राखीव जंगलातलं गवत कापून ते तुरुंगात गेले. जाण्याआधी मळा जिजाबाईच्या नावावर केला, सरकारनं जप्त करू नये म्हणून. म्हणून तर तिला मत होतं. तुरुंगातून ते सुटले, पण एक खोकला बरोबर घेऊन आले. चार वर्षं झाली, तो जात नव्हता.

आणि काल संध्याकाळी बाजारातल्या सभेत कोणीतरी ओरडून विचारलं होतं, "वकीलसाहेब, उद्या बाया जाऊन करतीन काय? मुकाट्यानं उभ्या राहतीन अन् वापस येतीन." जानराव म्हणाले होते, "माह्या घरची पह्यली उभी राहीन. तिचं पाहून बाकीच्या देतीन."

आता जिजाबाई पहिली उभी होती. मुकाट्यानं परतली तर मागची रांग तिच्या मागोमाग परतणार, आणि उद्या साऱ्या वऱ्हाडात जानरावांचं हसं होणार. नाव घेतलं तर तो खोकला. रात्र रात्र छाती धरून बसणारा माणूस तिच्या डोळ्यांपुढं आला. तिच्या कानात सासूचं वाक्य होतं: सोसत नाई त्याले.

"बाई," साहेब नरमाईनं म्हणाले, "नाव सांगायचं नसेल तर परत जा. काही हरकत नाही."

जिजाबाईनं मान वर केली.

"हिरालालसेठ," ती म्हणाली.

सेठचा माणूससुद्धा क्षणभर उभ्या जागी अवघडला. साहेबांनी पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा तेच सांगितलं. साहेबांनी फुली मारली आणि चिठ्ठी पेटीत पडली. तिच्या मागच्या बाया एकामागून एक पुढं आल्या. जिजाबाईनं तोंड उघडलेलं त्यांनी पाहिलं होतं, त्यांनीही उघडलं. त्यांतल्या कितीतरी जणींनी जानराव गाभणे हे नाव खणखणीत घेतलं. त्यांना त्याची भीती असायचं कारण नव्हतं.

दिवेलागणीला जानराव मळ्यात आले. जिजाबाई उद्याच्या बाजारासाठी सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत होती. ते विहिरीजवळच्या दगडावर बसले.

"जिजा, सेठले मत देलं म्हन्तात तू."

"देलं."

"काहून वं?"

"नाव घ्या लागत होतं."

"मंग?"

"मंग काय? पह्यल्यांदा घेतलं तवा देवी आल्या. आता तं हा खोकला हाये."

"मंग वापस यायचं होतं."

"माह्या मागं बाया उभ्या होत्या. मी वापस आली असती तं त्या बी आल्या असत्या. तोंड उघडजो, असं तुमीच सांगतलं होतं. म्या उघडलं."

जानराव तिच्याकडं पाहत राहिले. शिकल्यासवरल्या माणसाला राग यावा, हसू यावं, असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर येऊन गेलं. मग खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर ते म्हणाले, "एका मतानं काय होते? वाढ जेवाले."

खरोखरच एका मतानं काही झालं नाही. जानराव चांगल्या मतांनी निवडून आले. पण लोकांना निकालापेक्षा ही गोष्टच फार आवडली. नागपूरच्या एका वर्तमानपत्रानं ती चौकटीत छापली. हिरालालसेठनं मळ्यात लुगडं पाठवलं, मत दिल्याबद्दल म्हणून. जिजाबाईनं ते उघडून न पाहता परत धाडलं. बाजारात वांग्यांची पाटी घेऊन बसली की टवाळ पोरं विचारायची, "सेठच्या मतवाल्या बाई, वांगे कसे देल्ले?" ती भाव सांगायची. दुसरं काय करणार?

पोरांचं तिला फार लागलं नाही. तिला लागलं ते जानरावांचं गप्प बसणं. त्या संध्याकाळनंतर त्यांनी हा विषय पुन्हा काढला नाही. रागावले असते, चारचौघांसारखे दोन शब्द बोलले असते, तर तिचा जीव हलका झाला असता. ते छोट्या गाडीनं मूर्तिजापूरला जायचे, तिथून मोठ्या लाईननं दिल्लीला. वर्षातून दोनदा यायचे. आल्यावर धोतर वर खोचून मोटेवर उभे राहायचे, दमले की बसायचे. एकदा म्हणाले, "चाल वं दिल्लीले. तिथं बंगला हाये, मांगं जागा हाये. भाजी लाव."

"इथचा मळा कोन पाह्यन?" ती म्हणाली.

मळा पाहायला माणसं मिळाली असती. पण दिल्लीतही ती गोष्ट पोचली असणार, आणि आपल्याला पाहून लोक तोंड फिरवून हसणार, त्यांच्यादेखत हसणार, हे तिच्या मनात पक्कं बसलं होतं. आपण या माणसाचा जीव राखायला गेलो आणि त्याची अब्रू घालवली. त्याच्या बोलण्यात आता काही वजन उरलं नसेल, असं तिला वाटायचं. लेक अंजना माहेरी आली की वर्तमानपत्र वाचून दाखवायची. बाबांनी असेंब्लीत कापसावर भाषण केलं, बाबांनी कैद्यांवर भाषण केलं. जिजाबाई विचारायची, "लोकं हासले काय?" अंजना म्हणायची, "असं कुठं छापून येते काय, माय?"

बेचाळीस साली जानरावांना दिल्लीतच पकडलं. दोन वर्षांनी सोडलं तेव्हा त्यांच्यात सोडण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं. डॉक्टरनं क्षय सांगितला. नागपूरला दवाखान्यात राहा, असं सगळे म्हणत होते, पण त्यांनी ऐकलं नाही. छोट्या गाडीतून त्यांना धरून उतरवलं आणि बैलगाडीत गादी घालून मळ्यात आणलं. विहिरीजवळच्या आंब्याखाली त्यांची बाज पडली. मोटेचा आवाज ऐकत ते पडून राहायचे. मोट वर येऊन पाणी ओतलं गेलं की डोळे मिटायचे.

एके दिवशी नागपूरहून बॅरिस्टर बोधनकर त्यांना भेटायला आले. दिल्लीला ते जानरावांच्या शेजारीच बसायचे. जानराव थोडं बोलले आणि दमून झोपी गेले. बॅरिस्टर ओसरीवर आले. जिजाबाईनं त्यांच्यापुढं ताक ठेवलं आणि दाराआड उभी राहिली.

"वहिनी, एक विचारू का? रागावू नका," बॅरिस्टर म्हणाले. "पुष्कळ वर्षं मनात आहे. तुम्ही त्या वेळी त्यांना मत का दिलं नाही?"

जिजाबाईच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"त्याहीनं सांगतलं नाई काय?"

"तो कसला सांगतो! मी दहा वेळा विचारलं असेल. म्हणायचा, मला ठाऊक नाही, मी तिला विचारलं नाही." बॅरिस्टरांनी ताकाचा घोट घेतला. "तुम्हाला ती असेंब्लीतली हकिगत माहीत नसेल. हा एकदा बायकांच्या हक्कांवर बोलत होता. सरकारी बाजूचा एकजण मध्येच उठला आणि म्हणाला, सन्माननीय सदस्य देशभरच्या बायकांची बाजू मांडतात, पण त्यांच्या स्वतःच्या बायकोनं त्यांना मत दिलेलं नाही. सारं सभागृह हसलं. मीसुद्धा हसलो, खोटं कशाला सांगू?"

"मंग?"

"हा शांतपणे उभा राहिला. म्हणाला, खरं आहे. तिला दुसरा उमेदवार बरा वाटला, तिनं त्याला मत दिलं. बायकोनं नवऱ्याच्या मुठीत न राहता मत द्यावं, एवढंच तर मी मागतो आहे. माझ्या घरात ते आधी झालं. ज्यांच्या घरच्या बायकांनी मुकाट्यानं त्यांनाच मत दिलं, त्यांनी खुशाल हसावं. एवढं बोलून तो खाली बसला. मग कोणी हसलं नाही, वहिनी. पुढं कित्येक सभांतून लोक ती गोष्ट सांगायचे. तुमचं नावसुद्धा घ्यायचे, जिजाबाई गाभणे म्हणून."

बॅरिस्टर गेले, त्यांच्या टांग्याची धूळ खाली बसली, तरी जिजाबाई दाराआडच उभी होती. आपल्या माणसाला कारण ठाऊक होतं. मत दिलं त्याच संध्याकाळी त्यानं विचारलं होतं आणि तिनं सांगितलं होतं. ते कारण भर सभेत सांगितलं असतं तर लोक तिला हसले असते, अडाणी म्हणाले असते, आणि तो सहज सुटला असता. दहा वर्षं त्यानं ते कोणाला सांगितलं नाही. शेजारी बसणाऱ्या मित्रालाही नाही. आणि आपण समजत होतो, की तो मनात राग धरून बसला आहे.

ती बाजेजवळ गेली आणि खाली बसली. जानराव जागे झाले होते.

"बॅरिस्टर गेले काय?"

"गेले." जरा वेळानं ती म्हणाली, "तुमी लोकाहीले खोटं सांगतलं."

"कोन्तं?"

"मले इचारलं नाई, म्हून."

जानराव हसले. हसणं आता त्यांना महागात पडायचं. उबळ ओसरेपर्यंत जिजाबाईनं त्यांची पाठ धरून ठेवली. फडक्यावर लाल डाग उमटला. तो दोघांनीही पाहिला, आणि जिजाबाईनं फडकं दुमडून ठेवलं.

"सारी जिंदगी वकिली केली," ते म्हणाले, "एक खोटं चालते."

वर मोट ओतली गेली. पाणी पाटातून मेथीच्या वाफ्याकडं निघालं. ते जाईपर्यंत जानराव ऐकत राहिले.

"जिजा, एक आयकशीन?"

"बोला."

"एक डाव नाव घे माहं."

ती दचकली. त्यांनी तिचा हात धरला. त्यांचा हात कोरडा आणि कढत होता.

"मुंबईले घेतलं लोकाहीनं, दिल्लीले घेतलं. हजार हजार लोकं वरडले. तुह्या तोंडून कसं वाटते थे ऐकाचं हाये. लग्नात घेतलं होतं तवा मी पोट्ट्यायसंगं बाहीर उभा होतो, ऐकूच आलं नाई."

जिजाबाईच्या ओठांपर्यंत ते आलं. खरंच आलं. या माणसानं आपल्यासाठी एवढं केलं, आपण एक शब्द द्यायचा, एवढंच. पण तिनं त्यांच्याकडं पाहिलं. गळ्याखालची शीर उडताना दिसत होती. डॉक्टर म्हणाला होता, हा पंधरवडा निघाला तर थंडीत थोडा आराम पडेल. तो पंधरवडा अजून निघायचा होता.

"बरे व्हा," ती म्हणाली. "मंग घेईन. रोज घेईन."

जानराव तिच्याकडं पाहत राहिले. त्यांना कळलं. बाईच्या त्या नकारात काय आहे, हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार होतं? त्यांनी तिच्या हातावर थोपटलं.

"बरं," ते म्हणाले. "मंग सई."

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या सुमारास, मोट चालू असताना, ते गेले. रामीबाई वांगी तोडत होती. तिला आधी कळलं. बाजेजवळ बसलेली जिजाबाई वारा घालायची थांबली होती.

दुपारपर्यंत मळ्यात पाय ठेवायला जागा उरली नाही. अकोल्याहून, मूर्तिजापूरहून मोटारी आल्या. कारंज्याचा बाजार बंद झाला. मेथीचे वाफे तुडवले गेले, पाट फुटले, कोणाचं तिकडं लक्ष नव्हतं. हिरालालसेठ म्हातारे झाले होते. काठी टेकत तेही आले आणि हार घालून एका बाजूला उभे राहिले. पुढाऱ्यांनी तिरडीवर तिरंगा पांघरला. कोणीतरी घोषणा दिली, "जानराव गाभणे," आणि शेकडो लोक ओरडले, "अमर रहे." पुन्हा नाव, पुन्हा घोष. सारा मळा त्या नावानं भरून गेला.

जिजाबाईला बायांनी आंब्याला टेकवून बसवलं होतं. ती रडत नव्हती. चार जणांनी खांदा दिला, तिरडी उचलली गेली आणि वाट करत फाटकाकडं निघाली. तशी ती उठली. अंजनानं तिचा हात धरला, तो तिनं सोडवला. तिरडीमागं बाया बांधाच्या पुढं जात नाहीत, म्हणून ती बांधावरच थांबली.

निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये, असं म्हणतात. तो दिल्लीला निघायचा तेव्हा काही राहिलं असलं तरी ती हाक मारायची नाही. धावत जाऊन, पुढं होऊन हातात द्यायची.

"जानराव," ती म्हणाली.

भाकर वाढली आहे, या, असं सांगायला वाफ्यातल्या माणसाला हाक मारावी तेवढ्याच आवाजात. घोषणांचा आवाज मोठा होता. शेजारी उभ्या असलेल्या अंजनानंही वळून पाहिलं नाही. जिजाबाईनं पुन्हा हाक मारली, या वेळी थोडी मोठ्यानं. तोवर तिरडी फाटकाबाहेर पडून रस्त्याला लागली होती.